बेरजेत हरवलेले आयन

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या कुणालाही आयोडीनच्या वाटणीचं प्रॅक्टिकल विचारा, बहुतेकांना आठवतं. बुचाच्या बाटलीत खाली कार्बन टेट्राक्लोराइड, वर पाणी. बाटली जोरात हलवायची आणि थर वेगळे होऊ द्यायचे. खालचा जांभळा, वरचा फिक्कट पिवळट. दोन्हींतून पिपेटनं नमुने काढायचे, थायोसल्फेटनं टायट्रेशन करायचं, स्टार्चचा निळा रंग उडाला की ब्युरेटवरचा आकडा टिपायचा. खालच्या तीव्रतेला वरच्या तीव्रतेनं भागलं की पार्टिशन कोइफिशंट मिळतो आणि जर्नलवर सही होते. (आता कार्बन टेट्राक्लोराइड विद्यार्थ्यांच्या हाती फारसं कुणी देत नाही; ओझोनचा थर आणि माणसाचं यकृत, दोन्हींना ते मानवत नाही.)

या सगळ्यात वरच्या थराचा हिशेब लागतो, खालच्याचा लागतो. ज्या रेघेवरून आयोडीन पलीकडे गेलं तिचा हिशेब कुठेच येत नाही. मी पुढे काही वर्षं अशा रेघांवर लेझर मारण्याच्या उद्योगात घालवली. अर्जात आणि प्रबंधात या विषयाचं नाव भारदस्त असायचं: अरेषीय प्रकाशिकीच्या साहाय्यानं द्रव-द्रव आंतरपृष्ठावरील आयनांचा अभ्यास. लॅबमध्ये सगळे नुसतं 'इंटरफेस' म्हणत, मी इथे रेघ किंवा सीमा म्हणतो.

ही रेघ कुणाला क्षुल्लक वाटत असेल तर त्यानं ट्रॉम्बेकडे बघावं. साठच्या दशकाच्या मध्यावर तिथे वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना सुरू झाला. त्यासाठीची प्युरेक्स पद्धत सांगायला सोपी आहे. इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं आणि ते द्रावण ट्रायब्युटिल फॉस्फेट घातलेल्या तेलाशी घुसळायचं. फॉस्फेट साधारण ३० टक्के, बाकी डोडेकेनसारखं हायड्रोकार्बन. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात जातात, विखंडनातून उरलेली बहुतेक मूलद्रव्यं पाण्यात राहतात. पाण्यात युरेनियम असतं ते युरेनिल आयनाच्या रूपात, दोन धन प्रभार घेतलेलं आणि पाण्याच्या रेणूंनी वेढलेलं. तेलात पोचतं तेव्हा त्याला दोन नायट्रेट आणि दोन ट्रायब्युटिल फॉस्फेट चिकटलेले असतात आणि एकूण प्रभार शून्य झालेला असतो. म्हणजे पाण्याचं कडं सुटणं, नायट्रेट जोडले जाणं, फॉस्फेटनं हात देणं, या सगळ्या घडामोडी त्या रेघेच्या आसपास कुठेतरी उरकतात. निओडिमियमसारखी रेअर अर्थ मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करतात तीही याच तत्त्वावर. कारखाने दणक्यात चालतात, टनावारी माल निघतो. रेघेवर नेमकं काय होतं हे कळायची वाट बघत कुणी थांबलं नाही, आणि थांबायचं कारणही नव्हतं.

पण कुतूहल असेल तर अडचण मोठी आहे, आणि ती संख्येची आहे. एक घन सेंटिमीटर पाण्यात रेणू किती? तेहेतीस कोटी देवांची आपल्याला सवय आहेच. त्या तेहेतीस कोटींना एकदा कोटीनं गुणा आणि पुन्हा एकदा कोटीनं गुणा, तेवढे. त्याच पाण्याच्या एक चौरस सेंटिमीटर पृष्ठावर बसणारे रेणू मोजले तर आतल्या दर तीन-सव्वातीन कोटींमागे एक रेणू सीमेवर येतो. साधा वर्णपट घेतला तर प्रकाश सगळ्यांना सारखाच प्रश्न विचारतो आणि तीन कोटी जण एकदम उत्तर देतात. त्या गलक्यातून सीमेवरचा एकटा ऐकू येणं शक्य नाही.

म्हणून जुन्या लोकांनी आडवळणानं विचारलं. १९०२ मध्ये नेर्न्स्ट आणि रिझेनफेल्ड यांनी पाणी आणि फिनॉल यांच्या सीमेतून वीज खेळवून आयन कसे सरकतात ते पाहिलं. दुसरी वाट पृष्ठताणाची. हायडवायलरनं १९१० मध्ये दाखवलं की साधी मिठं घातली की पाण्याचा पृष्ठताण किंचित वाढतो. पृष्ठताणावरून पृष्ठापाशी काय जमलंय ते काढून देणाऱ्या गिब्जच्या समीकरणात हे घातलं तर उत्तर येतं: पृष्ठापाशी आयनांची तूट आहे. १९३४ मध्ये लार्स ऑन्सागर आणि समारास यांनी या तुटीचं कारण गणितानं मांडलं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (प्रभाराचं विद्युतक्षेत्र बोथट करण्याची ताकद) ८० च्या आसपास, हवेचा १, तेलाचा २ च्या आगेमागे. पाण्यातला आयन सीमेजवळ आला की पलीकडे त्याच्याच जातीचा प्रभार असावा तसा त्याला धक्का बसतो आणि तो मागे सरतो. हिशेब देखणा आहे, पातळ द्रावणांना चपखल लागू पडतो, आणि पुढची साठेक वर्षं पाठ्यपुस्तकांत निकाल लागल्यासारखं छापलं गेलं: आयन पृष्ठाला टाळतात.

गोम इतकीच की गिब्जचं समीकरण बेरीज देतं. सीमेच्या सर्वांत वरच्या थरात आयन दाटलेले असतील आणि त्याच्या लगेच खालच्या थरात त्याहून जास्त तूट असेल, तरी एकूण बेरीज उणेच येईल. पृष्ठताण मोजणाऱ्याला ती उणी बेरीज दिसते, वरची दाटी दिसत नाही. ऑन्सागरच्या बुद्धीवर शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. त्यानं गृहीत धरलेला आयन म्हणजे नुसता प्रभार असलेला बिंदू होता, ज्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग हलत नाही. क्लोराइडला ते जेमतेम चालतं, आयोडाइडला नाही.

ही बेरीज फोडणारं हत्यार सापडलं ते भलत्याच ठिकाणी. थिओडोर मेमननं मे १९६० मध्ये पहिला लेझर चालवला. वर्षभरानं, अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा लाल झोत, तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर, क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला. बाहेर लालाबरोबर ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश अगदी अत्यल्प प्रमाणात निघाला. बरोबर निम्मी तरंगलांबी, म्हणजे दुप्पट वारंवारता. लाल फोटॉन दहाचा एकोणिसावा घात इतके आत गेले तर अतिनील दहाचा अकरावा घात इतके बाहेर आले. दहा कोटींना एक. पुरावा म्हणून त्यांनी फोटोग्राफिक प्लेट 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'कडे पाठवली. तीवर अतिनीलचा बारीकसा ठिपका होता आणि तो दाखवायला बाण. छपाईत तो ठिपका कचरा समजून पुसला गेला. ऑगस्ट १९६१ च्या अंकात बाण आजही मोकळ्या जागेकडे बोट दाखवत उभा आहे. या शाखेत नव्यानं आलेल्या प्रत्येकाला हा किस्सा पहिल्या आठवड्यात ऐकवला जातो, आणि मग त्याला डाग आणि सिग्नल यांतला फरक ओळखायच्या कामाला लावलं जातं.

क्वार्ट्झनं हे केलं, पाणी का करत नाही? इथे या तंत्राचा सगळा जीव आहे, म्हणून जरा थांबतो. पाण्याच्या पोटात कुठलीच दिशा खास नसते. सगळं उलटंपालटं केलं तरी सरासरीनं पाणी तसंच दिसतं. आता प्रकाशाचं विद्युतक्षेत्र उलटं केलं तर पाण्याचा प्रतिसादही उलटा व्हायला हवा. पण दुप्पट वारंवारतेचा प्रतिसाद क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि उण्याचा वर्ग अधिकच येतो, म्हणून तो उलटा होऊ शकत नाही. जी राशी उलटी व्हायला हवी आणि होऊ शकत नाही, ती शून्य असते. पाण्याच्या पोटात शून्य, तेलाच्या पोटातही शून्य. फक्त सीमेवर वर आणि खाली यांत फरक आहे, तिथे हा नियम मोडतो आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश निघतो. तीन कोटी जण गप्प बसतात आणि एकटा बोलतो. त्यांना गप्प बसवायला कुठलं यंत्र लागत नाही, सममितीच ते काम करते. इतका स्वस्तात मिळालेला युक्तिवाद मी दुसरा पाहिलेला नाही.

निकोलास ब्लोम्बर्गन आणि पर्शन यांनी १९६२ मध्येच सीमेवरच्या अशा अरेषीय, म्हणजे क्षेत्राच्या वर्गावर चालणाऱ्या, प्रकाशाचं गणित मांडलं होतं (ब्लोम्बर्गनला १९८१ चं नोबेल मिळालं). पण पृष्ठाच्या अभ्यासाचं रीतसर तंत्र त्यातून घडवलं ते बर्कलीच्या वाय. आर. शेन यांनी. १९८८ मध्ये त्यांच्याच गटानं पाणी आणि तेल यांच्या सीमेवर साबणासारख्या एका रेणूचा थर कसा कलून उभा असतो ते सेकंड हार्मोनिकनं, म्हणजे या दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशानं, मोजलं. १९९३ मध्ये विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट कॉर्न यांच्या गटानं पाणी आणि डायक्लोरोइथेन यांच्या सीमेवर विद्युतदाब लावून तिथे बसणाऱ्या आयनांची संख्या कमीजास्त करून दाखवली आणि सिग्नल त्याबरहुकूम बदलतो हे पाहिलं. ऑरेगनच्या जेराल्डिन रिचमंड यांनी अवरक्त आणि दृश्य असे दोन झोत एकत्र आणून त्यांच्या वारंवारतांच्या बेरजेचा प्रकाश मोजणारी सम फ्रिक्वेन्सीची पद्धत तेल-पाण्यावर आणली. तीत रेणूंची कंपनंही दिसतात. हवेत डोकावणाऱ्या पाण्याच्या मोकळ्या ओ-एच बंधाचं कंपन दर सेंटिमीटरला ३७०० लहरी या वारंवारतेच्या आसपास येतं, कार्बन टेट्राक्लोराइडला टेकलेल्याचं ३६७० च्या आसपास. तीसेक एककांचा फरक. तेवढ्यावरून कळतं की तेल पाण्याला अगदीच परकं नाही, थोडीशी ओढ दोघांत आहे.

प्रत्यक्षात हे काम कसं असतं? बहुतांशी भांडी घासण्याचं. काचेचा रुंद सेल रात्रभर तीव्र ऑक्सिडायझिंग आम्लात बुडवून ठेवायचा, सकाळी अतिशुद्ध पाण्यानं इतका खंगाळायचा की आतल्या भिंतीवर पाणी एकसंध पसरलं पाहिजे. थेंब धरले तर परत आम्ल. प्लास्टिकची नळी, रबराचं बूच, फनेलच्या तोटीला लावायचं ग्रीस, सगळं वर्ज्य. कारण साबणासारखा कुठलाही रेणू अब्जांश प्रमाणात जरी असला तरी तो बाकी कुठे जात नाही, थेट सीमेवर जाऊन बसतो, आणि मग तुम्ही आयन न मोजता कुणाच्या तरी हातमोज्यातला प्लास्टिसायझर मोजता. मीठ उष्णता सोसणारं असेल तर भट्टीत भाजून घ्यायचं. थायोसायनेट भाजता येत नाही, ते पुन्हापुन्हा स्फटिक करून शुद्ध करायचं.

मग सेल भरायचा, जड द्रव खाली. वरचा द्रव भिंतीच्या कडेनं इतका हळू सोडायचा की सीमा ढवळता कामा नये. काचेजवळ ती वाकते, म्हणून झोत मधोमध. झोत तेलाच्या बाजूनं तिरपा येतो, कारण तेलाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त. कार्बन टेट्राक्लोराइड असेल तर ६६ अंशांच्या पुढे गेलं की प्रकाश पाण्यात शिरतच नाही, सीमेवरून सगळा परततो, आणि त्या कोनाच्या जवळपास सिग्नल जोमानं वाढतो. लेझरचा एक ठोका शंभर फेम्टोसेकंदांच्या आसपासचा. ८०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आत जातो, डोळ्याला जेमतेम लालसर जाणवतो. ४०० चा जांभळा बाहेर येतो, तो इतका क्षीण की डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. फिल्टरमागून फिल्टर लावून ८०० ला अडवायचं आणि उरलेले फोटॉन फोटोमल्टिप्लायरनं एकेक करून मोजायचे. खोलीत मिट्ट काळोख. मीठ घालण्याआधी नुसतं तेल आणि पाणी तासभर मोजत बसायचं. आकडा सरकायला लागला की समजायचं, सीमेवर कुणीतरी बिनबोलावता आलंय. सगळं ओतून द्यायचं आणि पुन्हा आम्ल. अशा दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणी 'आज काय मिळालं' विचारू नये असा आमच्याकडे अलिखित नियम होता. पाहुणा आला की मात्र सगळे हमखास टायटॅनियम-सफायर लेझर दाखवत. आम्लाचं टब कुणी दाखवत नसे. माझ्या मते त्या खोलीतलं मुख्य उपकरण ते टबच होतं.

आता आयन. सोडियम किंवा क्लोराइड स्वतः या प्रकाशाला फारशी दाद देत नाहीत. त्यांना ओळखायचे दोन मार्ग आहेत. आयोडाइड, थायोसायनेट यांसारखे ऋण आयन २०० नॅनोमीटरच्या आगेमागे अतिनील प्रकाश शोषून आपला इलेक्ट्रॉन भोवतालच्या पाण्याला देऊ पाहतात. दुप्पट वारंवारता तिथे जुळवली की ते स्वतःच्या आवाजात बोलतात. दुसरा मार्ग पाण्याची साक्ष काढण्याचा. सीमेवर प्रभार जमला की त्याच्या विद्युतक्षेत्रात पाण्याचे रेणू वळतात, एकदा ते वळले की पोटातलं पाणीही क्षेत्र पोचेल तिथवर सममिती गमावतं आणि सिग्नल देऊ लागतं. कोलंबिया विद्यापीठाचे केनेथ आयझेन्थाल यांनी १९९२ मध्ये काच आणि पाणी यांच्या सीमेवर हे दाखवलं, आणि तेव्हापासून पृष्ठावरचा विद्युतदाब नुसत्या प्रकाशानं मोजता येऊ लागला.

पहिल्या मार्गानं ऑन्सागरचा निकाल फिरवला. २००१ च्या सुमारास पावेल युंगविर्थ आणि डग्लस टोबायस यांच्या संगणकीय सिम्युलेशनमध्ये मोठे, सैल इलेक्ट्रॉनढगाचे आयन पाण्याच्या अगदी वरच्या थरात चढताना दिसले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बर्कलीत रिचर्ड सेकॅली यांच्या गटानं सेकंड हार्मोनिकनं अशा आयनांची वरच्या थरातली दाटी प्रत्यक्ष मोजली. पृष्ठताणाचे जुने आकडे यानं खोटे ठरले नाहीत. वर दाटी, खाली तूट, बेरीज उणे.

याच गटाचं पुढचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख. २०१२ मध्ये त्यांनी थायोसायनेट पाण्याच्या हवेलगतच्या पृष्ठावर का येतो ते तापमान बदलून आणि सिम्युलेशन करून तपासलं. पाण्याशी ज्याची बांधिलकी सैल असा आयन वर आला की पृष्ठावरचे काही पाण्याचे रेणू आत परततात, तिथे त्यांना चांगले बंध मिळतात, एन्थाल्पीचा, म्हणजे बंधांच्या ऊर्जेचा, फायदा होतो. उलट पृष्ठावरच्या सूक्ष्म लाटा आयनामुळे दबतात, एन्ट्रॉपीचा, म्हणजे रेणूंच्या मोकळीकीचा, तोटा होतो. फायदा तोट्याहून मोठा, म्हणून आयन वर. मग २०२२ मध्ये त्यांनी हाच आयन टोल्युइन आणि पाणी, डेकेन आणि पाणी या सीमांवर मोजला. एक तेल बेंझीनच्या कड्याचं, दुसरं सरळ साखळीचं. मुक्त ऊर्जा, म्हणजे या फायद्यातोट्याची निव्वळ बाकी, तिन्ही ठिकाणी, म्हणजे हवा, टोल्युइन आणि डेकेनपाशी, मोजमापाच्या मर्यादेत सारखीच भरली.

कुणीही म्हणेल, झालं की मग. पाण्याला पलीकडे कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही, हवा काय नि तेल काय. पण सिम्युलेशननं हिशेब फोडला तेव्हा तेलाच्या दोन्ही सीमांवर एन्थाल्पीचा वाटा जवळजवळ नव्हताच. आयन सीमेवर येत होता तो एन्ट्रॉपीच्या फायद्यासाठी. हवेपाशी जी खर्चाच्या बाजूला होती तीच इथे जमेच्या बाजूला. दोन घरांत महिनाअखेरची शिल्लक सारखीच, पण एका घरात पगार चांगला आणि खर्च दांडगा, दुसऱ्यात पगार जेमतेम आणि घरभाडं येतंय, असा प्रकार. शिल्लक बघून दोन्ही घरांना सारखा सल्ला दिला तर फसगत ठरलेली. तापमान वाढवा, आणि दोन्हीकडचे आयन वेगळे वागू लागतील, कारण एन्ट्रॉपीच्या वाट्याला तापमानानं गुणावं लागतं. तेलाच्या बाजूची ही फोड सिम्युलेशनची आहे, प्रयोगाची नाही, हे विसरून चालत नाही. सिम्युलेशन रेणूंमधल्या बलांच्या ज्या मॉडेलवर चालतं त्याच्याइतकंच खरं असतं. मला तापमान बदलून केलेला तेलाचा प्रयोग पाहायला आवडेल.

तेलाच्या थेंबांवरून चाललेला वाद तर याहून चविष्ट आहे. साबण न घालता शुद्ध तेल शुद्ध पाण्यात घुसळलं आणि विद्युतक्षेत्र लावलं तर थेंब धन टोकाकडे सरकतात, म्हणजे ते ऋण प्रभारित असतात. आम्ल वाढवलं की हा प्रभार उतरतो. यावर सर्वांचं एकमत आहे. ऋण प्रभार येतो कुठून यावर अजिबात नाही. एक मोठा पक्ष म्हणतो, पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन तेलाच्या सीमेवर जाऊन बसतात. लोझानच्या सिल्व्ही रोके यांच्या गटानं थेंबांवरून विखुरणारा सम फ्रिक्वेन्सी प्रकाश मोजून २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये वेगळं मत मांडलं: आयन लागतातच कशाला, पाण्याचा ऑक्सिजन तेलाच्या सी-एच बंधाकडे थोडासा ऋण प्रभार सरकवतो, आणि थेंब ऋण होतो. तिसरा पक्ष नेहमीचा: तुमच्या तेलात मळ आहे. आम्लाच्या टबाशी ज्यानं दिवस काढलेत त्याला या तिसऱ्या पक्षाबद्दल आपुलकी वाटल्याशिवाय राहत नाही. तरीही प्रभार सरकण्याच्या बाजूला मी थोडा झुकतो, कारण तिथे कंपनांच्या वारंवारता सरकलेल्या दिसतात, नुसता सरकणारा थेंब नाही. पण आम्लानं प्रभार का उतरतो याचं उत्तर हायड्रॉक्साइडवाल्यांकडे सहज आहे आणि दुसऱ्या पक्षाला त्यासाठी घाम गाळावा लागतो.

आपलं हत्यार बेरजेपासून मुक्त आहे अशी फुशारकी मात्र मारता येत नाही. सीमेवरचे सगळे रेणू एकाच सुरात प्रकाश देतात आणि त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. आयझेन्थाल यांच्या गटानं १९९८ मध्ये याचाच फायदा घेतला. मॅलकाइट ग्रीन या रंगाचा धन आयन त्यांनी लायपोसोमच्या, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांच्या पाण्यात सोडला. आयन बाहेरच्या अंगाला चिकटले, सिग्नल एकदम वाढला. मग सेकंदासेकंदाला उतरत गेला. आयन कुठे नाहीसे झाले नव्हते. ते पडदा ओलांडून आतल्या अंगाला जाऊन चिकटत होते. आतले आणि बाहेरचे उलट्या दिशांना तोंड करून, पाचेक नॅनोमीटरच्या अंतरावर, म्हणजे तरंगलांबीच्या मानानं एकाच जागी. एकाची लहर दुसऱ्याची पुसते. सिग्नल उतरण्याचा वेग म्हणजे आयन पडदा ओलांडण्याचा वेग. मला हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा कुणीतरी गाण्यातला विराम मोजून गाण्याची लय सांगावी तसं काहीसं वाटलं होतं, पण ते जाऊ द्या.

शिवाय डिटेक्टरला कळते ती तीव्रता, म्हणजे लहरीचा वर्ग; त्यात चिन्ह हरवतं. पाण्याचा हायड्रोजन वर तोंड करून आहे की खाली, हे नुसत्या तीव्रतेतून नीट सांगता येत नाही. त्यासाठी हेटरोडाइन पद्धत लागते: ओळखीच्या स्फटिकाचा सिग्नल सोबत आणायचा, दोघांची व्यतिकरणं पाहायची आणि कला (लहरीची फेज) मोजायची. भाभा अणुसंशोधन केंद्रात हवा आणि पाणी यांच्या सीमेवर या पद्धतीचं काम होतं. तेलाखाली दडलेल्या सीमेवर ती चालवणं जास्त कटकटीचं, कारण येणारे-जाणारे झोत तेलातून जातात, तेल अवरक्त प्रकाश गिळतं, आणि थराची जाडी किंचित हलली तरी कला बदलते.

आणि ज्या युरेनिल आयनापासून सुरुवात केली तो ओलांडताना कसा दिसतो? कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या इलान बेंजामिन यांनी नव्वदच्या दशकात सिम्युलेशन करून सुचवलं की साधा आयन पाण्यातून तेलात जाताना एकटा निघत नाही. त्याच्यामागे पाण्याचे रेणू एकमेकांचा हात धरून तेलात ओढले जातात, बोटासारखी बारीक पाण्याची धार लांबत जाते आणि एका क्षणी तुटते. (थायोसायनेटच्या २०२२ च्या कामात सिम्युलेशनच्या बाजूला हेच बेंजामिन होते.) ही धार लेझरनं पकडायची तर दोन अडचणी. सीमेवर बसलेल्या आयनांच्या मानानं त्या क्षणी ओलांडणारे अगदी थोडे, आणि प्रत्येकाची धार वेगळ्या वेळी तुटणारी. झोताखालच्या सगळ्यांची एकत्र लहर मोजली की ओलांडणारे पुन्हा बसलेल्यांच्या बेरजेत बुडतात. ट्रायब्युटिल फॉस्फेटसारखा वाटाड्या असेल तर धार लागते की नाही, की फॉस्फेटच सीमेवर येऊन आयनाला उचलून नेतो, यावर अमेरिकेतल्या ओक रिज आणि अरगॉन इथल्या प्रयोगशाळा सम फ्रिक्वेन्सी आणि क्ष-किरण घेऊन वेगवेगळ्या बाजूंनी भिडल्या आहेत. त्या बहुतेकदा युरेनियमऐवजी रेअर अर्थचे आयन घेतात. ते किरणोत्सारी नसतात, आणि सेल धुतल्यावर पाणी कुठे ओतायचं याचा परवाना काढावा लागत नाही.